इंजिनाचा श्वास: उटाहचा शेतकरी, अबार्थचा विंचू आणि आमच्या ट्रॅक्टरची रबरी नळी

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. इअरफोन घरी राहिलेत किंवा एसटीत रेंज येत नाही, अशांसाठी. बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय माझ्या मित्रांनीच काढला. मी दिवसा पुण्यात कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी गाडीत डोकं घालतो, हे तुम्हाला माहितीये. तर गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी विचारलं, "अरे, गाडीला कंपनीच्या बाहेरचं एअर इनटेक लावायचंय, कोणतं घेऊ? पॉवर वाढते का? तो टर्बोचा फुस्स आवाज येतो का?" याचं उत्तर दोन मिनिटांत देता येईल, आणि शेवटी देणारच आहे. पण आपण इतिहासवाले लोक. हवा आत घेण्याच्या एका साध्या नळीमागे शंभर वर्षांची भांडणं आहेत, ती आधी सांगतो. आणि त्यात एक भांडण आमच्या घरचंही आहे.

साखरा, मे २०१३

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. काळी माती, कापूस, सोयाबीन, हळद. दहावीची परीक्षा देऊन मी सुट्टीत घरी होतो. आमच्याकडे एक जुना ट्रॅक्टर होता, कर्ज काढून सेकंडहँड घेतलेला. आमचं शेत फार नाही, पण अण्णा भाड्याने लोकांची नांगरटी करायचे आणि त्याच पैशांवर माझ्या पुढच्या शिक्षणाचं गणित मांडलेलं होतं.

त्या ट्रॅक्टरला ऑइल बाथचा एअर क्लीनर होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉनेटच्या वर एक उभी नळी निघते, तिच्यातून हवा खाली येते. खाली एक वाटी असते आणि वाटीत तेल. हवा वेगाने त्या तेलापर्यंत येते आणि तिथे एकदम उलटी वळून वर जाते. हवा हलकी, ती वळते. मातीचा कण जड, त्याला वळणं जमत नाही, तो सरळ तेलात जाऊन पडतो. जे बारीक कण तरीही वर जातात ते तेलाने ओल्या झालेल्या जाळीत अडकतात. मग स्वच्छ हवा एका रबरी नळीतून इंजिनात. वीज नाही, सेन्सर नाही, काही नाही. आजही मला हे यंत्र भारी वाटतं.

उन्हाळ्याच्या नांगरटीत वाटीतलं तेल रोज बघायचं, आणि खाली चिखल साचला की बदलायचं, हे काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती. मी वाटी साफ केली, तेल भरलं, रबरी नळी परत चढवली आणि तिची क्लिप आवळायची राहिली. राहिली म्हणजे, आवळतो नंतर म्हटलं आणि पळालो.

पुढचे सात-आठ दिवस ट्रॅक्टर तसाच चालला. आता जरा हिशेब करा. अडीच लिटरचं डिझेल इंजिन १८०० आरपीएमवर मिनिटाला सव्वादोन हजार लिटर हवा ओढतं. म्हणजे तासाला लाख लिटरच्या वर. मे महिन्यात कोरड्या ढेकळांतून नांगर चाललाय, चारही बाजूंनी धुरळा, आणि हवा फिल्टरमधून न येता त्या ढिल्या सांध्यातून आत जातेय.

आठवड्याभरात इंजिन ऑइल खायला लागलं. निळा धूर. मग चढावर ताकद नाही. मिस्त्री आले, त्यांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. आधी ती रबरी नळी काढली, आतून बोट फिरवलं आणि बोट अण्णांना दाखवलं. बोटावर आमच्याच शेताची माती होती. "इंजिनानं माती खाल्ली," एवढंच बोलले. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, सगळं काम. चाळीस हजारांच्या वर गेलं, आणि नांगरटीचा सगळा हंगाम गॅरेजात गेला तो वेगळाच.

अण्णा मला काहीच बोलले नाहीत. क्लिप कोणी लावली होती हे त्यांना माहीत होतं. तेव्हा ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तर हे डोक्यात ठेवा. आता साखऱ्यातून थेट अमेरिकेत जाऊ, कारण हाच प्रकार तिथे आपल्या आधी अठ्ठ्याण्णव वर्षं झालेला होता.

उटाह, १९१५

सुरुवातीच्या मोटारींना एअर फिल्टर नसायचाच. कार्ब्युरेटरचं तोंड उघडं. शहरात, हळू वेगात, ते खपून जायचं. ट्रॅक्टर आले आणि प्रश्न उभा राहिला, कारण ट्रॅक्टर स्वतःच धूळ उडवतो आणि स्वतःच ती ओढतो.

१९१५ साली फ्रँक डोनाल्डसन नावाचा एक माणूस ट्रॅक्टर विकायचं काम करत होता. उटाह राज्यातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वारंवार बंद पडायचा. डोनाल्डसन तिथे गेला आणि त्याच्या लक्षात आलं की इंजिन धुळीने आतून घासलं जातंय. त्याने तारेचा सांगाडा केला, त्यावर कापड ताणलं आणि ते हवेच्या नळीवर बसवलं. ट्रॅक्टर चालला. त्याने स्थापन केलेली डोनाल्डसन कंपनी आज जगातल्या मोठ्या फिल्टर कंपन्यांपैकी एक आहे, आणि कंपनी आपल्या इतिहासात सांगते की या शोधाचं पहिलं बक्षीस म्हणून त्याची नोकरी गेली. कारण सरळ आहे. फिल्टर हवा असं म्हणणं म्हणजे आपल्या ट्रॅक्टरमध्ये खोट आहे असं कबूल करणं.

म्हणजे बघा, जगातला एक महत्त्वाचा एअर फिल्टर कंपनीने बसवून दिलेला नव्हता. तो बाहेरून लावलेला होता. आज ज्याला आपण "आफ्टरमार्केट" म्हणतो, तोच. आणि तो पॉवर वाढवायला नव्हता, इंजिन जगवायला होता.

पुढे तेलाची वाटी आली आणि ती पद्धत ट्रक, जीप, ट्रॅक्टर सगळीकडे पसरली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ऑइल बाथ होता. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत त्याच घराण्यातल्या जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या जीपबरोबर ही तेलाची वाटीही आपल्या रस्त्यांवर आली.

वाळवंटातलं स्पिटफायर

आता दुसरी बाजू. फिल्टर फुकट मिळत नाही. हवेच्या वाटेत तुम्ही काहीही ठेवलं की हवा अडते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मोटारीचं नाही, विमानाचं आहे. ब्रिटिशांचं स्पिटफायर लढाऊ विमान इंग्लंडच्या हिरव्या गवतावरून उडायला बनवलेलं. १९४१-४२ मध्ये ते उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि माल्टात पाठवायची वेळ आली. वाळूने मर्लिन इंजिन खराब होणार हे उघड होतं, म्हणून नाकाखाली व्होक्स कंपनीचा एक मोठा फिल्टर बसवला. विमानाला दुहेरी हनुवटी आल्यासारखं दिसायचं. इंजिन वाचलं, पण विमानाचा वेग पडला, चढण्याची गती पडली. आणि समोर जर्मन मेसरश्मिट. म्हणजे वैमानिकापुढे दोनच पर्याय: वाळूने इंजिन गमवा, किंवा वेग कमी म्हणून जीव गमवा.

तोडगा कुठून निघाला? इंग्लंडमधल्या मोठ्या कारखान्यातून नाही. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर इथे हवाई दलाचा दुरुस्ती तळ होता. तिथल्या लोकांनी स्वतः एक लहान, आटोपशीर फिल्टर बनवला. वाळू अडायची आणि गेलेला वेग बराचसा परत मिळायचा. त्याला अबुकीर फिल्टर असंच नाव पडलं. पुढच्या स्पिटफायरमध्ये, जी आपल्या भारतीय वैमानिकांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर चालवली त्या मार्क आठमध्येसुद्धा, फिल्टर मुळातच नाकाच्या आकारात सामावून घेतला गेला.

मला ही गोष्ट आवडते कारण यात सगळा विषय येतो. हवा किती जाते आणि धूळ किती अडते, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात ओढतात. एक वाढवलं की दुसरं कमी होतं. दोन्ही थोडं थोडं साधायचं असेल तर ज्या जमिनीवर यंत्र चालणार आहे ती जमीन माहीत असलेला माणूस लागतो.

विंचू, वालचंद आणि काळी-पिवळी

आता गाडीकडे येतो. माझ्याकडे तीन वर्षांपासून सेकंडहँड अबार्थ पुंटो आहे. १.४ लिटर टर्बो पेट्रोल, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर टॉर्क. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती भारतात आली, बनली आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला. पाच दारांच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर आमच्या मित्रांत अजून भांडणं होतात. म्हणू द्या.

पण तिच्या नाकावर जो विंचू आहे त्याची गोष्ट ऐका. कार्लो अबार्थ, जन्म १९०८, व्हिएन्ना. रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. १९४९ साली त्याने इटलीत अबार्थ कंपनी काढली. रेसिंग गाड्या तो बनवायचाच, पण पोट भरायचं साध्या फियाट गाड्यांना लावायच्या सुट्या भागांवर. सायलेन्सर, इनटेक मॅनिफोल्ड, गिअरचा दांडा. पुढे तर संपूर्ण बदलाचं सामान एका पेटीतून मिळायचं. पेटी घ्या, घरच्या छोट्या फियाटला लावा, गाडी पळवा. १९६३ च्या अबार्थ ५९५ मध्ये फियाट ५०० चं १८ हॉर्सपॉवरचं इंजिन २७ वर नेलेलं होतं. कागदावर नऊ घोडे, पण टक्केवारीत बघा, दीडपट. १९७१ मध्ये फियाटने अबार्थच विकत घेतली. म्हणजे ज्या नावाखाली आज कंपनीची "तयार" स्पोर्ट्स गाडी मिळते, ते नाव मुळात बाहेरचे पार्ट विकणाऱ्याचं आहे.

आणि फियाट आपल्याकडे कोणी आणली? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. स्थापना १९४४, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथे फियाट ११०० बनली, तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती तुमच्या आजोबांनाही माहीत आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या धावपट्टीवर रेसिंग व्हायचं, तिथे याच फियाट आणि अँबेसिडर सुधारून पळवायचे. परवाना राजच्या काळात पोराला हातात मिळणारी स्पोर्ट्स कार म्हणजे तीच: घरची गाडी, वेगळा कार्ब्युरेटर, मोकळा सायलेन्सर, आणि एअर क्लीनर काढून टाकलेला.

काढून टाकलेला. हे लक्षात घ्या. शर्यत पंधरा-वीस मिनिटांची असते, आणि त्यानंतर इंजिन उघडायचंच असतं. तिथे हे चालतं. तीच युक्ती रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत केली की काय होतं, ते आमचे मिस्त्री बोट फिरवून दाखवतील.

कापूस परत येतो

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड यांचं मोटारसायकलचं दुकान होतं. केन आणि नॉर्म, म्हणून के अँड एन. वाळवंटात मोटारसायकली पळवणाऱ्यांसाठी त्यांनी सुती जाळीचे थर तेलात भिजवून फिल्टर केला. डोनाल्डसनचं कापड आणि ट्रॅक्टरच्या वाटीतलं तेल, दोन्ही एकत्र. हवा मोकळी जाते, धूळ तेलाला चिकटते, धुऊन परत वापरता येतो. "परफॉर्मन्स एअर फिल्टर" म्हणून आज जे विकलं जातं त्यातलं बरंचसं याच कल्पनेवर चालतं.

मला गंमत वाटली ती ही, की आमच्या गावात क्विंटलच्या भावाने जाणारा कापूस पुण्यात माझ्या एका महिन्याच्या घरभाड्याएवढ्या किमतीत परत भेटला.

दरम्यान कंपन्यांनी घडीचा कागद धरला होता. कागदाची घडी मोकळी केली तर बॉक्समध्ये मावणार नाही इतकं क्षेत्रफळ निघतं. कागद स्वस्त, धूळ बारीक अडवतो, मळला की फेकून द्या. फिल्टर तपासायचं एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ५०११. त्यात तीन गोष्टी बघतात: हवेला अडथळा किती, धूळ अडते किती टक्के, आणि गच्च होईपर्यंत एकूण धूळ किती पचवतो. चाचणीसाठी ठरलेली धूळ वापरतात, तिला ॲरिझोना डस्ट म्हणतात. जाहिरातीत मात्र तीनपैकी पहिलीच गोष्ट ओरडून सांगतात.

टक्क्यांचा खेळही समजून घ्या. समजा एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. ऐकायला फरक दोनचा. पण इंजिनाच्या बाजूने मोजा: एकातून १ टक्का आत जाते, दुसऱ्यातून ३. म्हणजे तिप्पट माती. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. आपण अपटाइम सांगतो, त्रास डाउनटाइमचा होतो.

आणि मी काय केलं

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने काय करावं? तर मी गाडी घेतल्यावर सहा महिन्यांतच उघडा कोन फिल्टर लावला. ब्रँडचं नाव घेत नाही, दोष त्याचा नव्हता. कंपनीचा बंद डबा काढला, त्या जागी चकचकीत पाइप आणि टोकाला शंकूसारखा फिल्टर. पहिल्याच सिग्नलला ॲक्सिलेटर दाबला आणि टर्बोने जो श्वास घेतला, आहाहा. खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस गाणी लावली नाहीत.

मग मोबाइलला ओबीडीचं यंत्र जोडून आकडे बघायला लागलो. मोकळ्या रस्त्यावर ठीक. पण वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो की आत जाणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा पंचवीस-तीस अंशांनी वर. साहजिक आहे, उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. विज्ञान सोपं आहे: तीस अंशांची हवा साठ अंशांवर नेली की ती साधारण ९ टक्के विरळ होते. विरळ हवा म्हणजे ऑक्सिजन कमी. टर्बो आणि इंटरकूलर त्यातलं काही भरून काढतात, पण त्यासाठी त्यांना जास्त राबावं लागतं. म्हणजे मी पैसे देऊन आवाज घेतला होता आणि सिग्नलवर पॉवर परत दिली होती.

गंमत म्हणजे कंपनीच्या डब्याची नळी आधीपासूनच पुढच्या जाळीजवळून थंड हवा घेत होती. जे "कोल्ड एअर" मी विकत घ्यायला निघालो होतो ते गाडीत होतंच.

त्या दिवाळीला पुण्याहून गावी निघालो. नगर, संभाजीनगर, जालना, मेहकर, रिसोड. रिसोडच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, खडीची भुकटी पसरलेली, पुढे एक हायवा धुरळा उडवत चाललेला. अंगणात गाडी लावली. अण्णा आले, बॉनेट उघडायला सांगितलं. त्यांना टर्बो काय ते माहीत नाही. ते त्या चकचकीत पाइपकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हवा कुठून घेती रे ही?"

मी दाखवलं.

"अन् माती?"

मी फिल्टरबद्दल सांगायला लागलो, सुती जाळी, तेल, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि खांद्यावरचा पांढरा रुमाल पुढे केला. "पुसून बघ आतून."

मी फिल्टरच्या पुढचा पाइप उघडला आणि आतून रुमाल फिरवला. रुमालावर करडा पट्टा. पाइप आणि टर्बोकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावरची क्लिप बोटाने फिरत होती. फिल्टर बसवताना ती मीच आवळली होती. पुरती नाही. दहा वर्षं, एक बीटेक, आणि क्लिप तीच.

अण्णा यावेळीही काही बोलले नाहीत. घरात गेले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.

नशीब, थोडक्यात निभावलं. पुण्यात येऊन कॉम्प्रेशन तपासलं, ठीक होतं. पण ट्रॅक्टरच्या वेळी हे लक्षात यायला आठवडा लागला, आणि तेवढ्यात हंगाम गेला होता.

मग घ्यायचं कोणतं?

आता कबूल केलेलं उत्तर. चार प्रकार मिळतात.

पहिला, कंपनीचाच कागदी फिल्टर, वेळेवर बदललेला. धुळीच्या रस्त्यावर जास्त फिरत असाल तर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदला. गाडी जड वाटते म्हणून इनटेक शोधणाऱ्या निम्म्या लोकांनी आधी जुना फिल्टर काढून उजेडात धरून बघावा.

दुसरा, कंपनीच्याच डब्यात बसणारा सुती पॅनेल फिल्टर. डबा तसाच, थंड हवेची वाट तशीच. कडेचं रबर नीट बसतंय का हे बघा. धुतल्यावर तेल मोजून लावा. जास्त तेल लावलं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा गरम तारेचा सेन्सर असतो, त्या तारेवर तेल बसून रीडिंग चुकू शकतं.

तिसरा, माझ्यासारखा उघडा कोन. आवाज उत्तम. ट्रॅकवर थोड्या वेळासाठी ठीक. आपल्या ट्रॅफिकमध्ये आणि धुळीत मी सांगणार नाही. लावायचाच असेल तर इंजिनाच्या उष्णतेपासून आडोसा आणि बाहेरच्या हवेची नळी असलेला घ्या.

चौथा, फिल्टर थेट बंपरच्या खाली नेणारा लांब पाइप. हवा थंड मिळते हे खरं. पण आपल्याकडे पावसाळा असतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते आठवा. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढा पाऊस लागतच नाही, पुलाखाली साचलेलं गुडघाभर पाणीही पुरतं.

आणि फक्त इनटेक बदलून आजच्या टर्बो गाडीत फार मोठी पॉवर मिळेल ही आशा सोडा. किती दाब द्यायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. अबार्थच्या पेटीतही एकटा पाइप नव्हता, सगळं सामान एकमेकांना जुळवून दिलेलं होतं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. डबा तोडण्याआधी, पाइप बदलण्याआधी आरटीओत विचारा. वॉरंटीची गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरलाही.

मी स्वतः काय लावलंय? कंपनीचा डबा परत बसवला. आत कंपनीच्याच मापाचा कागदी फिल्टर. कोन फिल्टर कपाटात आहे, कोणाला ट्रॅकसाठी हवा असेल तर सांगा. आणि दर दोन महिन्यांनी एक काम करतो, तेच तुम्हालाही सांगतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद आणि गार असताना फिल्टरच्या पुढची नळी उघडा, आतून पांढरं कापड फिरवा. कापड स्वच्छ आलं तर तुमचं इनटेक चांगलं आहे, मग ते कितीचंही असो. करडं आलं तर चांगलं नाही. नळी परत लावताना क्लिप आवळा, आणि आवळल्यावर बोटाने फिरवून बघा.

एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोलचा भाव आपण रोज बघतो. हवेकडे कोणी बघत नाही, कारण ती फुकट आहे. आमच्या घरी मात्र ती एकदा चाळीस हजारांना पडली होती.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा अण्णांनी विचारलं, "आता आवाज कामून येत नाही गाडीचा?" मी म्हटलं, डबा परत लावला. ते बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. संध्याकाळी मात्र ट्रॅक्टरची वाटी साफ करायला काढली आणि नळी चढवताना स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

चला, एवढंच. भेटू पुढच्या भागात.